कॉम्प्युटरच्या उंबरठ्यावर बसलेलं

अचलपूरच्या एका बाईच्या लेकीची एकच ओळ या जगात उरली होती, ते बी कागदावर नाई, एका जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात, अन् ते ओळ माह्या हातानं जाऊन राहिली होती. हे मी आधीच सांगून टाकते. दिवाळी अंकवाल्या मॅडमनं फोनवर म्हतलं की कामातले अनुभव लिहा, जमलं तं मजेचे लिहा, म्हतलं हो लिहीन, मजेचे बी हायेत, पन कागद घेऊन बसली की पह्यले हेच येते, दुसरं काई येतच नाई, तं मंग हेच लिहून राहिली.

मी भातकुलीची, देली अमरावतीत. बारावीत इंग्रजीनं दोनदा गेली, तिसऱ्यांदा बसाच्या आधी लगन झालं. नवरा टेम्पोवर असते. मी बस स्टँडच्या मागं रफिकभाईच्या दुकानात लागली, आधी झाडूपोछाले, मंग पेचकस द्याले, मंग डबे खोलाले. आमच्याकडं नवीन लॅपटॉप येत नाई, ते दुसरे लोकं करतात. आमच्याकडं म्हातारे डबे येतात. कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर, पॅथॉलॉजीवाल्याचा, कुंडलीवाल्याचा. लोकं इचारतात, फेकून काहून नाई देत? कसं फेकन बाप्पा, त्याच्यातला प्रोग्राम कोन्या पोरानं पंचवीस वर्सांआधी बनवला, ते पोरगं कुठं गेलं मालूम नाई, अन् प्रोग्राम दुसऱ्या डब्यात चालतच नाई. म्हनून त्या डब्यालेच जितं ठेवा लागते, फ्लॉपीसकट. माह्या वयाच्या पोरीनं फ्लॉपी पाह्यली नसन. मी तं फ्लॉपीवरच पोट भरते.

आता ते रोग कसा असते ते सांगते, नाई तं पुढचं समजनार नाई. साधा व्हायरस असते ना, तो घरात शिरलेल्या चोरासारखा, या खोलीत नाई तं त्या खोलीत, झाडून काढला की निंगाला. हा तसा नाई. हा उंबरठ्यावर बसते. कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यात आधी तो डिस्कच्या पह्यल्या जागेवरचं वाचते, तिथं लिवलेलं असते की घर कुठं हाय, चाबी कुठं हाय. हा नेमका तिथंच बसते. म्हंजे कॉम्प्युटरले जाग यायच्या आधी हा जागा असते. मंग कॉम्प्युटर जे पाहीन ते याच्या डोळ्यानं पाह्यते. त्याले इचारा की तुह्यात काई हाय का, तो म्हनन नाई, कारन उत्तर बी हाच देते. डिस्क पुरी पुसा, तरी हा बसलेला, कारन पुसनारा घर पुसते, उंबरठा नाई पुसत.

रफिकभाईनं मले हे पह्यल्या वेळी सांगतलं तवा मी सात महिन्याची होती, मी म्हतलं भाईजान, असं नका सांगू, पोटातलं आयकून राहिलं. तो हसला.

त्याले काढाचा एकच रस्ता. कॉम्प्युटर पुरा बंद करा, तार बी उपटून घ्या, मंग आपली साफ फ्लॉपी टाका अन् तिच्यावरून चालू करा. म्हंजे मांगच्या दरवाज्यानं घरात जाचं, तो उंबरठ्यावर झोपेल असते तवा. ती फ्लॉपी म्हंजे आमचा पुरा धंदा. रफिकभाईनं मले एक देली, निळी, म्हने इले जिवापाड जपजो. अन् तिच्या कोपऱ्यात एक बारकी खिडकी असते, आरपार, तिच्यातून उजेड दिसते, म्हने त्या खिडकीले हात लावजो नको. काहून ते सांगतलं नाई, मी बी इचारलं नाई.

पोरगी झाली अन् तीन महिन्यातच मी कामावर आली. पोरगी सासूपाशी. मी कशी होती तेव्हा ते कोनाले सांगू. दिवसभर छाती दाटून ये, झोप नाई, पोरगी झोपली की नाकाखाली बोट धरून पाहो श्वास हाय का. सासू तिले सकाळ-संध्याकाळ काजळाची तीट लावे, एक गालावर, एक तळपायाले. एक दिवस निंगता-निंगता माह्या मनात आलं, हे निळी फ्लॉपी घरोघरच्या रोगट डब्यात जाते, अन् इले खिडकी उघडी, इच्यातून काई शिरलं तं? मी आरशावरची एक काळी टिकली काढली अन् त्या खिडकीवर चिकटवून टाकली. बरोबर बसली. मले बरं वाटलं, जशी पोरगीच झाकली.

त्याच हप्त्यात नांदगाव खंडेश्वरले जिनिंगवर गेली. वजनकाट्याचा मुनीम म्हने, कॉम्प्युटर आजारी हाय, आज त्याच्या कळा वाजून राहिल्या. म्हतलं वाजून राहिल्या म्हंजे? त्यानं एक कळ दाबली, आतून टक. दुसरी दाबली, टक. जसं कोनी आत बसून नखानं पत्रा वाजवते. म्हने महिन्यातून एका दिवशी वाजतात, बाकी दिवस चूप. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाह्यलं, त्या दिवसाची तारीख माह्या पोरीच्या जन्मतारखेची. सहज, तारखा तीसच असतात, कोनती ना कोनती असनारच. पन मले घरी जाची घाई झाली, अन् त्या घाईत मी कॉम्प्युटर बंद न करताच निळी फ्लॉपी टाकली, तिच्यातल्या फाईलींची यादी पाह्यली, मंग बंद केला, मंग तिच्यावरून चालू केला, साफ केला, अन् संध्याकाळच्या आत निंगाली.

मंग पुरा महिना मी लय फिरली. अकोल्याले कुंडलीवाल्या गुरुजीकडं गेली, त्याच्या कॉम्प्युटरवर निंबू-मिरच्या बांधेल, निंबू सडून पंख्यात टपकेल, मी म्हतलं गुरुजी, याले साडेसाती नाई, याले निंबूच लागलं. तो म्हने, पोरी, तुले का कळते. निंबू काढलं तं चालू झाला, तरी तपासाची म्हनून फ्लॉपी लावलीच. एका लॅबमधी गेली. अन् अचलपूरले त्या जुन्या जचकीच्या, बाळंतपनाच्या दवाखान्यात गेली.

त्या दवाखान्यातले डॉक्टरसाहेब वारले, दवाखाना बंद, पन कमलसिस्टर म्हनून म्हातारी बाई वरच्या मजल्यावर राह्यते अन् कॉम्प्युटर सांभाळते. कारन डॉक्टरसाहेबांनं तीस वर्सातल्या साऱ्या जचक्या रोजच्या रोज त्याच्यात टाकल्या, अन् कागदाचे रजिस्टर वाळवीनं खाल्ले. लोकाले जन्माचा दाखला लागला की सिस्टर त्याच्यातून काढून देते. तो चालूच होत नव्हता. मी निळी फ्लॉपी टाकली, एक फाईल बसवली, झाला चालू. सिस्टरनं मले डिंकाचा लाडू खाऊ घातला, म्हने बाळंतीन हायेस, खा. मी फुगून घरी आली.

बरोबर महिन्यानं, त्याच तारखेले, सकाळी दुकानात फोन वाजला. लॅबवाला. म्हने कळा वाजून राहिल्या. फोन ठेवला तं अकोल्याचा गुरुजी. मंग नांदगावचा मुनीम, म्हने बाई तुमी काढलं का बसवलं? रफिकभाई फोन ठेवे अन् माह्याकडं पाहे. चौथा फोन कमलसिस्टरचा. एका सकाळी चार घरं, अन् चारई घरी मीच गेलेली. जिथं गेली नव्हती तिथं काईच नाई.

मी घरी सासूले सांगतलं, माही चूक झाली सांगाले नको होतं. ती तवापासून मले उंबरठ्यावर थांबवे, पाय धू, तोंड धू, कपडे बदल, मंग पोरीले हात लाव. ती वाईट बाई नाई. फक्त म्हने, "तुह्या मांगं काईतरी येऊन राहिलं." अन् मले बी तसंच वाटे. मोबाईलवर बोट ठेवलं की टक आयकू ये, तो तं वाजतेच, तरी. पोरगी झोपेत दचकली की मले वाटे, आला घरात. मी कॉम्प्युटरचं शिकेल बाई, मले मालूम हाय व्हायरस मानसाले होत नाई. मालूम असनं वेगळं अन् दूध पाजता-पाजता दरवाज्याकडं पाहत राह्यनं वेगळं.

दुसऱ्या दिवशी रफिकभाईनं म्हतलं, तेरी फ्लॉपी दे. त्यानं ते उजेडासमोर धरली. लय वेळ पाहत राह्यला. मंग नखानं टिकली सोडवली, अन् खिडकीतून उजेड त्याच्या गालावर पडला.

"ये क्या है, बेटा?"

मी म्हतलं, नजर लागू नये म्हनून.

तो हसन असं वाटलं, हसला नाई. मले खुर्चीवर बसवलं अन् सांगतलं. म्हने, घराची खिडकी उघडी असली की बाहेरचं आत येते. फ्लॉपीचं उलटं हाय. हे खिडकी उघडी असली, आरपार उजेड दिसला, तं हिच्यावर कोनीच काई लिवू शकत नाई. मशीन आधी खिडकीत पाह्यते, उजेड दिसला तं हात लावत नाई. झाकली की ती समजते परवानगी हाय. म्हने, "तूने दरवाजा बंद नई किया, खोल दिया."

म्हंजे नांदगावले ते माह्या फ्लॉपीवर चढलं, अन् तिथून पुढं मी ज्याले ज्याले साफ केलं त्याच्या त्याच्या उंबरठ्यावर मीच बसवून आली. खरंच माह्या मांगं येत होतं. नाई, मांगं नाई, थैलीत. मी रडली तं रफिकभाई म्हने, मैंने भी नई बताया कायको हात नई लगाना, आधी गलती मेरी. मंग नवीन फ्लॉपी देली, खिडकी उघडी, म्हने जा, यादी कर अन् निस्तर.

नांदगाव, लॅब, अकोला, तीन दिवसात झालं. गुरुजीनं दक्षिना मांगतली, म्हने शांती मी बी केली होती, अर्धं श्रेय माहं. शेवटी अचलपूर राह्यलं.

सकाळच्या एस.टी.नं गेली. वर चढली तं सिस्टरपाशी एक बाई बसेल. चाळिशीची असन, फुलं विकनारी, बोटाले झेंडूचा पिवळा रंग. इंदूबाई. सिस्टरनं तिच्यासमोरच मले सांगतलं. इंदूबाईची पह्यली जचकी इथंच झाली, अठरा वर्सं झाले. पोरगी. सासूनं फडक्यात गुंडाळून नेली अन् सांगतलं मेलेलीच झाली होती. अन् मेलेलं होते त्याचं नाव ठेवत नाई, दिवस करत नाई, कोनी बोलतबी नाई. पन इंदूबाईनं रडनं आयकलं होतं. सासू म्हने, गुंगीत होती तू, बाजूच्या खाटेवरचं पोट्टं रडलं असन. नवरा म्हने माय सांगते ते खरं. पुढं दोन पोरं झाले, मोठे झाले, अन् हिच्या कानात ते रडनं तसंच. मांगच्या साली सासू वारली, तवा कुठं ही इथवर आली. सिस्टर त्या रात्री ड्युटीवर नव्हती, तिले काई आठवत नाई. पन डॉक्टरसाहेब हरेक लेकराच्या नोंदीत लिवत, जनमल्याबरोबर रडलं का. त्याचा एक खाना, रकाना असे. सिस्टर म्हने, "हिले तेवढंच पाह्याचं हाय. दोन दिवस झाले मी कॉम्प्युटर चालू नाई केला, तुह्यी वाट पाह्यली."

इंदूबाई फक्त माह्या हाताकडं पाहे.

मी तार उपटली, नवीन फ्लॉपी टाकली, तिच्यावरून चालू केला. आता डिस्क उघडाची अन् पाह्याची, रफिकभाईनं शिकवेल, साफ कराच्या आधी घर दिसते का ते पाह्यजो. मी कळ दाबली. स्क्रीनवर आलं की अशी डिस्कच नाई. पुन्हा केलं. डिस्कच नाई. तीस वर्सांच्या जचक्या, अन् कॉम्प्युटर म्हने इथं कधी काई नव्हतंच.

जिन्यात जाऊन रफिकभाईले फोन लावला. तो म्हने, हा जास्त हुशार निंगाला. बाकी तीन ठिकानी डिस्क अलग होती, तिथं सोपं गेलं. इथं त्यानं घराचा नकाशाच उचलून आपल्यापाशी ठेवला. तो बसेल असला की नकाशा दाखवते, घर उघडते. त्याले काढला की नकाशा गेला, घर गेलं. म्हने साफ नको करू, खबरदार. म्हतलं मंग? म्हने, "उसीको जगा. उसके साथ बैठ, और जो निकालना है कागज पर निकाल. कागज को नई लगता." अन् डिस्क खरखर करते का इचारलं, मी म्हतलं करते, तो म्हने मंग कदाचित एकदाच उघडन.

हे मले कोनी आधी सांगतलं नव्हतं की या कामात कधी त्याले काढाचं नसते, त्याच्याच हातानं दार उघडून घ्याचं असते. मी फ्लॉपी काढून बाजूले ठेवली. चालू केला. डिस्क खरखरली, थांबली, पुन्हा खरखरली. इंदूबाई उभी राह्यली. मंग नेहमीसारखा प्रोग्राम उघडला, डॉक्टरसाहेबाचं नाव, खाली गनपती, जसं काईच झालं नाई. सारं दिसत होतं, अन् मले मालूम होतं हे मले कोन दाखवून राहिलं.

म्हतलं आधी इंदूबाईचं काढते, सिस्टर म्हने नाई, सुरवातीपासून छाप, वर्सानं वर्स, मंधात बंद पडला तं बाकीच्या लेकरांचं काय. मी सिस्टरकडं पाह्यलं, इंदूबाईकडं पाह्यलं. मंग इंदूबाईच म्हनली, "होऊ द्या. माही बी त्याच रांगेत हाय."

जुना प्रिंटर, भोकं असलेला कागद, कर्र कर्र करत एकेक वर्स निंगे. मी स्क्रीनपुढून हलली नाई. बारा वाजले, एक वाजला. पोरीची दूध प्याची वेळ टळली, छाती दगड झाली, पदर घेऊन बसली. त्या दिवशी ती तारीख नव्हती, कळा वाजाले नको होत्या. पन मंधात कागद अडकला, प्रिंटर थांबला, खोलीत चूप झालं, अन् आतून एकदा टक झालं. माहा हात कळेवर नव्हता, सिस्टरचा नव्हता. पत्रा गरम झाला असन. मी तेच धरून चालते की पत्रा गरम झाला असन. सिस्टरनं गळ्यातला क्रूस मुठीत धरला, इंदूबाई हलली बी नाई, म्हने कागद सरळ करा.

कागद सरळ केला. दीड तास पुन्हा. अन् मंग ते वर्स आलं. महिना आला. मी वाचत होती, पानं खाली पडत होते, सारं इंग्रजीत, जिच्यात मी दोनदा गेली ती इंग्रजी. इंदूबाईचं नाव आलं. मी कागद हातात धरला. ती माह्या खांद्यापाशी आली, तिले वाचता येत नाई.

मी वाचलं. मुलगी. वजन दोन किलो शंभर. जन्म रात्री एक वाजून पाच मिन्टं. पुढं रडली का, त्या खान्यात एकच अक्षर होतं, वाय. मी म्हतलं, बाई, हो लिवलं हाय. रडली.

माह्या ब्लाउजातून दूध सुटलं, आपोआप, पुरा पदर ओला. मले लाज वाटली, मी कागद छातीशी धरला, मंग भिजन म्हनून दूर धरला.

"पुढं काय हाय?" ती म्हने.

पुढं मरनाची वेळ होती. म्हनावं की नाई कळेना. सिस्टर म्हने, वाच. मी वाचलं, चार वाजून दहा.

इंदूबाईनं बोटं मोजले, पिवळे बोटं. एक, दोन, तीन. म्हने, "तीन तास होती." मंग पुन्हा म्हने, "तीन तास होती अन् मले दाखवली नाई."

छपाईचे शेवटचे पाच वर्सं राह्यले असता डिस्क बसली. खरखर करून जी बसली ते बसलीच, पुन्हा कोनीच तिले उठवलं नाई, त्यानं बी नाई. त्या पाच वर्सातले लेकरं त्याच्यासंग गेले. दाखल्यासाठी लोकं येतात तवा सिस्टर त्यायले सांगते मशीन म्हातारं होतं. माहं नाव घेत नाई. मी तिले जिन्यात टिकलीचं सांगतलं होतं, ती म्हनली, मले सांगतलं ते बस झालं. इंदूबाईले मी सांगतलं नाई. तिची ओळ निंगाली म्हनून सांगावंसं वाटलं नाई, अन् ज्यायची नाई निंगाली त्यायच्या घरी जाऊन काय सांगू. ती अंक वाचनार नाई हे मले मालूम हाय, म्हनूनच लिवाची हिंमत झाली, हे बी खरं.

पन त्या दिवसाचं राह्यलं. मी थैली भरली, एस.टी. चुकू नये म्हनून उठली, तं इंदूबाईनं माहा हात धरला. म्हने, तुह्यं लेकरू केवढं हाय? म्हतलं चार महिने. म्हने नाव ठेवलं? म्हतलं ठेवलं, बाराव्या दिवशी, ननंदेनं कानात सांगतलं. तिनं ते पान टेबलावर पसरलं, हातानं सुरकुत्या काढल्या, जसं दुपटं सारखं करतात. मंग म्हने, "माही ननंद येनार नाई. तू आत्या होशीन का?"

मी भ्याली. उगाच कशाले सांगू की नाई भ्याली. चार महिन्याचं लेकरू घरी, अंगावर दूध, सासूनं शंभर गोष्टी सांगेल, अन् मेलेल्या लेकराच्या कानाशी तोंड न्याचं. सिस्टर खिडकीकडं तोंड करून उभी राह्यली. इंदूबाईनं माह्या कानात नाव सांगतलं. अठरा वर्सं ते तिच्यापाशी तयार होतं, तिले आठवा नाई लागलं.

मी वाकली. जिथं वाय होतं तिथं तोंड नेलं, कागदाले शाईचा वास येत होता, अन् मी हळूच कुर्र केलं, अन् ते नाव सांगतलं.

ते इथं लिवत नाई. त्या दिवशी तिघी होतो, तिघींनाच मालूम हाय.